उजव्या टाचेखाली

२७ डिसेंबर, शनिवार

हलका की टिकाऊ — एकच सांगा! कमलेशदादा प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच विचारतो. बाप म्हणाला टिकाऊ, मुलगी म्हणाली हलका. दोघं एकदम. दादा खूप हसला.

मुलीचं नाव श्रिया. ठाण्याला खोपटला राहतात. फळीवर शीड उभं करून वाऱ्यावर पळतात ना, विंडसर्फिंग, ती त्यातली. फेब्रुवारीत गोव्याला निवड आहे. आत्तापर्यंत दुसऱ्यांच्या जुन्या बोर्डवर खेळलेली. आता स्वतःच्या मापाचा पाहिजे, कार्बनचा. माझ्याच वयाची असेल. वजन विचारलं तर आधी सांगेना! शेवटी गाळ्यातल्या मालाच्या काट्यावर उभी राहिली. अठ्ठावन्न. वजन, शीड केवढं, वारा किती — ह्यावरून मग रुंदी ठरते, बोर्ड किती लिटरचा, म्हणजे केवढं वजन तरंगवेल, ते ठरतं. पंच्याण्णव लिटर ठरला. तिला काळा कार्बन दिसायला हवा होता, वरून नुसतं चमकदार. दादा म्हणाला, "काळा उन्हात तापतो, आतला थर्माकोल फुगतो. पांढराच मारू." तोंड वाकडं केलं, पण मानली.

बाप, सुधीरकाका, बँकेतून रिटायर झालेले. एकदम पुस्तकातलं बोलतात. "अहो, ही दोन-दोन किलोमीटर आत जाते. तिथे मोडला तर काय करायचं?"

दादाने माझ्याकडे बोट केलं. "हा धनेश. देवगडचा. होड्यांना फायबर मारून हात बसलेला. ह्याच्या हातचं मोडत नाही."

मी खाली बघितलं.

३० डिसेंबर, मंगळवार

दादाने मागच्या आठवड्यात वही दिली रेझिनचं माप लिहायला. मी दोन उचलल्या. ही दुसरी. बोलायला इथे कोणी नाही. कोपरच्या खोलीत आम्ही तिघं, पण तिघांच्या शिफ्टा वेगळ्या.

दादाला एक गोष्ट सांगितलेली नाही. सोळा वर्षांचा असताना गावात एका होडीला ठिगळ मारलेलं. लाकूड ओलं होतं. मला कळलेलं ओलं आहे! पण नाखवा घाई करत होता, मी गप्प राहिलो, मारलं. चौथ्या दिवशी खोल पाण्यात ठिगळ सुटलं. माणसं वाचली — दुसरी होडी जवळ होती म्हणून. त्यानंतर गावात कोणी काम देईना. शाळा तर सातवीतच सुटलेली. म्हणून इथे, डोंबिवलीला.

आई फोनवर रोज तेच. "जेवलंस मां?" जेवलो गो.

३ जानेवारी, शनिवार

थर्माकोल घासून आकार झाला. हात फिरवला की माशाच्या पाठीसारखा लागतो.

७ जानेवारी, बुधवार

श्रिया बघायला आलेली. पायांच्या पट्ट्या कुठे यायला हव्यात ते उभं राहून दाखवलं. पेन्सिलने मीच खुणा केल्या. सगळा जोर मागच्या पायाच्या टाचेवर येतो म्हणे, काठाजवळ — दिशा बदलली की कधी उजवीकडे, कधी डावीकडे. "इथे. बरोबर इथे आपटतं." मी मॅडम म्हटलं तर म्हणाली, "मॅडम काय रे! श्रिया म्हण."

म्हणता येत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

बोर्डची खालची बाजू झाली. मस्त झाली! दादा लग्नाला गेला, दिवा गावी. चुलतभावाची आज हळद, उद्या लग्न. आगरी लोकांची हळद म्हणजे काय विचारू नका, आख्खा गाव जेवतो. जाताना म्हणाला, "उद्या शुक्रवार, सुट्टी. परवा येतो, मग दोघं मिळून वरची बाजू करू."

मी म्हटलं बरं. पण मला काय बसवत नाही. खोलीत बसून काय करू? उद्या आजूबाजूचे सगळे गाळे बंद, धूळ नाही, आवाज नाही. एकटाच करून टाकतो वरची बाजू. दादा परवा येईल आणि बघतच राहील.

९ जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते सगळं लिहितो.

सकाळी आठला सुरुवात केली. फोमचा पत्रा, त्यावर कार्बनचं कापड, रेझिन. सगळं नीट. मग आख्खा बोर्ड प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत. पंप लावून हवा ओढली. आतली हवा गेली की बाहेरची हवाच कापडाला दाबून धरते — हेच सगळं काम. रेझिन कडक होईपर्यंत पंप थांबता कामा नये. पाच-सहा तास.

दहा वीसला लाइट गेली.

पहिल्यांदा वाटलं फ्यूज. बाहेर धावलो. वॉचमन खुर्चीत बसून पेपर वाचत होता. "नवीन हायस का? शुक्रवारी लाइन बंद ठेवतात, वायरींचं काम चालतं. म्हणून तर एमआयडीसी बंद असते. कोण करतो शुक्रवारी काम!"

सगळ्या डोंबिवलीला माहीत. मला नाही. मी महिनाभर शुक्रवारी कोपरला झोपून होतो.

परत आलो तर पंपाचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा पडत चाललेला. पिशवी सैल होत होती. एके ठिकाणी — मागे, उजव्या बाजूला — पुरीसारखी फुगली. वाळूच्या पिशव्या उचलून ठेवल्या. पाण्याचे कॅन ठेवले. उरलेल्या जागेवर दोन्ही हातांनी दाबत राहिलो. रेझिन गरम व्हायला लागलेलं, तळव्यांना कळत होतं. कितीतरी वेळ. खांदे सुन्न झाले.

साडेअकराला लाइट आली. पंप लावला. काटा चढला, फुगलेलं बसलं. पण बसलं म्हणजे चिकटलं का? तोपर्यंत रेझिन अर्धं घट्ट झालेलं.

संध्याकाळी पिशवी काढली. वरून बघितलं तर काच! एक सुरकुती नाही. कोणालाही कळणार नाही.

मला कळतंय ना.

१० जानेवारी, शनिवार

कामाला गेलो नाही. पोटात दुखतंय म्हणून दादाला फोन केला. कळव्याला मामाकडे येऊन बसलोय. मामी विचारते, "भांडलास का कोणाशी?"

११ जानेवारी, रविवार

अजून कळव्यालाच. दादाचा मेसेज आला. "पोट बरं आहे का? वरची बाजू बघितली. एकट्याने केलीस! भारी."

बस एवढंच. म्हणजे त्याला काही दिसलेलं नाही. बरं वाटायला पाहिजे होतं.

१२ जानेवारी, सोमवार

गेलो. दादाने काल स्वतःच प्रायमर मारून ठेवलेला. सगळा बोर्ड राखाडी. आता आत काय आहे ते डोळ्याला दिसणारच नाही. म्हणाला, "तू नव्हतास, म्हटलं हात रिकामा कशाला." काही वेगळं बोलला नाही.

तो चहाला गेला तेव्हा बोटाने वाजवत गेलो, पुढून मागे. टण टण टण. सगळीकडे टण. मागे उजव्या टाचेच्या खुणेपाशी — ढप.

परत वाजवलं. ढप. तळहाताएवढी जागा. बरोबर जिथे पिशवी फुगलेली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. दादाची आई, शकूमावशी, तिळाचे लाडू घेऊन गाळ्यावर आलेली. मला दोन जास्त दिले. "खा रं. हाडाचा सापला झालाय तुजा." मागून दादाचे वडील राघोकाका. पूर्वी मिठागरात कामाला होते, आता काही करत नाहीत, पण गाळ्यावर येऊन सगळं बघतात. मी नाणं घेऊन बोर्ड वाजवत होतो ते नेमकं त्यांनी बघितलं.

"काय रं पोरा, बोरड वाजवतंस का तबला?"

सगळे हसले. दादा हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लाडू फोडत बसला.

बोर्ड काट्यावर ठेवला. हिशोबापेक्षा नव्वद ग्रॅम जास्त. कुठून आले नव्वद ग्रॅम? रेझिन तर मी मोजून घेतलेलं. पहिल्या वहीत लिहिलंय.

१९ जानेवारी, सोमवार

पांढरा रंग. त्यावर पायाखालचा रबरी पॅड चिकटवला, पट्ट्या बसवल्या. आता बोटाने वाजवलं तरी आवाज येत नाही. सगळं झाकलं गेलं.

२० जानेवारी, मंगळवार

आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

२४ जानेवारी, शनिवार

श्रिया बोर्ड घेऊन अलिबागला गेली, पहिल्यांदा पाण्यात. ह्या दिवसांत सकाळी मतलई असते. मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. देवगडला लहान पोराला पण माहीत, मतलईत काही तुटलं तर वारा आतच नेणार, किनाऱ्याला आणणार नाही. टाच आपटत राहणार, वरचं कार्बनचं कातडं सुटणार, थर्माकोलमध्ये पाणी शिरणार. मग त्या बोर्डवर ना उभं राहता येणार ना शीड उचलता येणार.

दिवसभर फोन हातात. दादा ओरडला, "गर्लफ्रेंड आहे का रे फोनमध्ये? ब्रश धर!"

२५ जानेवारी, रविवार

श्रियाचा फोन आला! दादाने स्पीकरवर टाकला. आहे. सुखरूप आहे.

"कमलेशदादा, काय पळतो माहितीये! आणि एक — उजव्या टाचेखाली जरा मऊ लागतं. धक्काच बसत नाही गुडघ्याला. डावीकडे तसं नाहीये."

मी ब्रश खाली ठेवला. मऊ! म्हणजे सुटलंय तिथे. दबतंय.

दादा पटकन म्हणाला, "हो, ते मुद्दाम केलंय तसं."

"खरंच? मग पुढच्या वेळी दोन्हीकडे करा ना!"

गिऱ्हाइकाला असलं सांगण्यात दादाचा हात कोण धरणार! रंग सांडला तरी डिझाइन म्हणतो. पण हे रंगाचं नाही.

२८ जानेवारी, बुधवार

दादाने बोर्डची निगा कशी राखायची ते कागदावर लिहायला बसवलं. तो सांगणार, मी लिहिणार. माझं अक्षर बघून म्हणाला, "कोंबडी नाचली का?" तरी पुढे सांगत गेला. पाण्यातून काढला की गोड्या पाण्याने धुवायचा. उन्हात टाकून जायचं नाही, सावलीत, कपड्याच्या पिशवीत. हवेचा एक छोटा स्क्रू असतो, तो गाडीत नेताना सैल सोडायचा, म्हणजे आतली हवा तापून बोर्ड फुगत नाही, आणि पाण्यात जायच्या आधी घट्ट. आठवणीने! टोकावर उभा करायचा नाही. कुठे चीर गेली तर आधी पूर्ण वाळवायचा, मगच बुजवायचा, ओल्यावर ठिगळ नाही.

ओल्यावर ठिगळ नाही. हे लिहिताना पेन अडकलं.

शेवटी मी स्वतःच एक ओळ टाकली — उजव्या टाचेवर जास्त जोर देऊ नये. वाचली. खोडली. दिसू नये म्हणून आख्खा कागद परत लिहिला.

१ फेब्रुवारी, रविवार

आज हद्द झाली. नवीन गिऱ्हाईक आलेलं, दादा त्याला सांगतो, "आमची एक पद्धत आहे, मऊ टाच. गुडघे वाचतात." माझी चूक हा विकायला लागला! आणि ते गिऱ्हाईक मान डोलावतंय.

ते गेल्यावर धीर करून म्हटलं, "दादा, त्या शुक्रवारी —"

"शुक्रवारचं राहू दे." फडक्याने हात पुसत होता. "झालं ना काम? मग पुढचं बघ."

म्हणजे गप्प बस. म्हणजे त्याला सगळं माहितीये आणि गप्प बस. नाखव्याने पण असंच सांगितलेलं — झालं ना, चल, होडी लोट.

मला माणूस चांगला वाटलेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गोव्याला जायच्या आधी तपासणीला बोर्ड आला. बाहेर उन्हात ठेवला, स्क्रू घट्ट केला, सगळ्या कडांना साबणाचं पाणी लावलं. आतली हवा तापते, कुठे भोक असेल तर बुडबुडा येतो. तासभर बसलो डोळे लावून. एक बुडबुडा नाही. वजन केलं, होतं तेवढंच. पाणी शिरलेलं नाही.

मग मऊ का लागतं? अजून फुटलं नाही एवढाच त्याचा अर्थ. गोव्याला रोज चार-चार तास चालणार. तिथे फुटेल.

श्रिया न्यायला आलेली. आनंदात होती. "धनेश, निवड झाली ना तर तुला पण बसवणार ह्याच्यावर. समुद्रवाला माणूस तू!" मी हसलो. काय करणार? हसलो.

सोमवारी सकाळी आठला टेम्पो निघणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी. खाडीच्या बाजूने चालत राहिलो. दोनदा खोपटची बस बघितली. दोनदा चढलो नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

चढलो.

सॅकमध्ये कटर, उचकटायची लोखंडी पत्री, पॉलिश पेपर. दादाला काही सांगितलं नाही. काय सांगणार, तो म्हणेल राहू दे. खोपटला डेपोच्या मागे त्यांची बिल्डिंग, तिसरा मजला. सुधीरकाकांनी दार उघडलं. "अरे, तू? ये, ये. कमलेशनी पाठवलं का?"

बसलोच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लाइट गेली ते, पिशवी फुगली ते, ढप वाजलं ते. होडीचं पण सांगितलं, का ते माहीत नाही, पण सांगून टाकलं. श्रिया सोफ्याच्या हातावर बसलेली. काका म्हणाले, "म्हणजे महिनाभर तुला हे माहीत होतं? ती त्याच्यावर समुद्रात जात होती, आणि तुला माहीत होतं?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

काका आत गेले, परत बाहेर आले. "कमलेशला फोन करतो मी." दादाचा फोन लागेना. श्रिया उठली. "बाबा, थांबा. धनेश, उघडून बघता येईल?"

"येईल. पण उघडलं की परत बंद करायला दीड-दोन दिवस. परवा टेम्पो आहे."

"आतून सुटलेलं असेल तर मी तशीही जाणार नाहीये ना? उघड."

गच्चीवर नेला. पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला. मीच त्याला घासलेला, आणि आता मीच कटर लावतोय. पॅड उचलला. रंग कापला. कार्बन कापताना जो कर्रर्र आवाज येतो तो मला नेहमी आवडतो. आज काकांनी तोंड फिरवलं.

चौकोन उचकटला. उचकटेना! पत्री घालून जोर लावावा लागला. सुटलेलं कातडं पापडासारखं वर यायला पाहिजे. हे तुकडे तुकडे होऊन आलं. एवढं घट्ट.

खाली तपकिरी. फोम नाही, थर्माकोल नाही. बूच. बाटलीचं असतं ना, त्याचाच पातळ पत्रा, नीट गोल कापून बसवलेला, कडेने रेझिन भरलेलं. त्याच्यावर कार्बनचे दोन थर. मी तर एकच टाकलेला. नव्वद ग्रॅम इथले.

"हे काय आहे?" श्रिया वाकून बघत होती.

"बूच."

"ते वाईट असतं?"

"नाही. दणका खातं. म्हणूनच तुला मऊ लागत होतं, आणि मला ढप ऐकू येत होतं."

"मग पोकळ कुठाय?"

चारही बाजूंनी वाजवलं. टण. कुठेच पोकळ नाही.

"म्हणजे बोर्ड चांगला होता?" काका म्हणाले. "चांगला होता, आणि आता तो कापलाय?"

  श्रियाने त्या भोकात बोट घालून बघितलं. मग म्हणाली, "परवा आठला टेम्पो आहे, धनेश."

हे बूच मी लावलेलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दादा सकाळी सातलाच गाळ्यावर. काल रात्री काकांचा फोन लागल्यावर त्यानेच बोर्ड खोपटहून उचलून आणलेला. भोकात नवीन बूच बसवत होता, मान वर न करता. "त्या शनिवारी लग्नाहून आलो तर वाळूच्या पिशव्या जमिनीवर. वॉचमन म्हणाला लाइट गेलेली. वाजवला, पोकळ. कापला, भरला, वर प्रायमर मारला. तू पोट धरून कळव्याला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"हार्डनर दे. उद्या आठच्या आत वाळायला पाहिजे." मी दिला. तो ढवळत राहिला.

"तू तरी कुठं सांगितलंस?"